साडूंनी नाकारलेली इंजिनं

लोक मुली पाहतात, जमिनी पाहतात, फार तर बैल पाहतात. आमच्या थोरल्या साडूंनी इंजिनं पाहिली, आणि पाहिली तेवढी सगळी नाकारली. देवणीच्या बाजारात बैलाचे दात मोजून, पाठीवर थाप मारून, चार पावलं चालवून बघून वर तोंड वाकडं करणारा शेतकरीसुद्धा संध्याकाळपर्यंत एखादी जोडी घेऊन घरी जातो. आमचे साडू सात-आठ वर्षं रिकाम्या हातानं परत आले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथं नवरी बोहल्यावर उभी, मांडव पडलेला, वऱ्हाडी जेवून गेलेले, आणि एकटे साडू नवरदेवाच्या नावानं नाकं मुरडत बसलेले. बरं, माणूस तऱ्हेवाईक असला तर आपलं काय जातं? पण ह्यांच्या तऱ्हेपायी त्यांची बायको माझ्या घरी राहायला होती, म्हणून मला बोलायचा अधिकार आहे.

ती नवरी म्हणजे एक मोटार. साडू लातुरात तंत्रनिकेतनात शिकवायचे. दोघंच नवरा-बायको, मूलबाळ नाही. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की तिकडं दक्षिणेत एक गृहस्थ लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरचं अंग, चाकं, बैठका असं सगळं सुटं सुटं खोक्यांत भरून पाठवतात. आपण घरी जोडायचं, की झाली शर्यतीची मोटार. दोनच माणसं बसणार, दारं नाहीत, छत नाही, आणि वजन एवढं कमी की पुढून दोघांनी उचलली तर चाकं सुटतात. खोकी ट्रकनं आली तेव्हा सगळी गल्ली जमली होती. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साडूंनी ती दोन वर्षं जोडली. बरोबर एक जुनं, कुठल्या तरी विलायती गाडीचं इंजिन आलं होतं, ते बसवलं, आणि अक्काला शेजारी बसवून औशाच्या रस्त्यानं फिरायला नेलं. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो. इंजिनात तेलाचा दाब किती महत्त्वाचा असतो हे साडू तिला समजावून सांगत होते, आणि तेवढ्या वेळात खाली न आवळलेल्या बोल्टातून सगळं तेल रस्त्यावर सांडून इंजिन जाम झालं. अक्का ही गोष्ट पुढं इतक्या वेळा सांगायची, की साडूंनीच शेवटी शेवटी तीत दुरुस्त्या सुचवायला सुरुवात केली.

त्याच साली भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र सरत आली होती. लातुरात आमच्या माणसांना काही झालं नाही, घराला दोन भेगा गेल्या एवढंच. पण अक्काची मावशी खेड्यात दगडमातीच्या घरात होती, ती आणि तिच्या घरातलं सगळं गेलं. तेव्हापासून अक्का स्लॅबखाली झोपेना. एकटी तीच नव्हे, अख्खं लातूर अंगणात झोपायचं. ज्याला जमलं त्यानं दारापुढं पत्रे टाकले. घरोघर उशाशी एक रिवाजच पडला होता: स्टीलचा एक पेला पालथा घालायचा, त्याच्या बुडावर दुसरा तोल सांभाळून ठेवायचा. जमीन जरा हलली की वरचा पेला पडून खणकन वाजणार, की बाहेर पळायचं. अक्काचे पेले तर असे काटेकोर लावलेले असत की शेजारचं म्हातारं खोकलं तरी पडायचे.

आता ह्यांच्या घरी पत्र्याचं शेड आयतं होतं. अक्का म्हणाली, मी शेडमध्ये झोपते. पण शेडमध्ये मोटार, आणि मोटारीभोवती जमिनीवर जाम झालेल्या इंजिनाचा स्क्रू अन् स्क्रू ओळीनं मांडलेला. हे हलवलं तर पुन्हा जुळणार नाही, असं साडूंचं म्हणणं. त्यांनी तिला सांगितलं, “नवं इंजिन बसलं की गाडी बाहेर अन् तुझी खाट आत. पंधरा दिवस कळ काढ.” अक्कानं महिनाभर ताडपत्रीखाली कळ काढली. मग अवकाळी आला, ताडपत्री गळायला लागली, आणि ती डोळे घट्ट मिटून, कशीबशी एष्टीत बसून आमच्याकडं नांदेडला आली. आमचं घर तेव्हा पत्र्याचं होतं. एरवी त्या पत्र्यावरून बायकोची बोलणी खायचो. अक्का आली तशी त्याला एकदम प्रतिष्ठा आली.

तशी साडूंनी चूक सुधारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते तिला न्यायला आले. मीच दोघांना स्टँडवर सोडलं. एष्टी फलाटाला लागली, दोघं बसली, ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं आणि खिडक्यांच्या काचा थडथड वाजायला लागल्या. अक्का पांढरी पडली. उठली, लोकांच्या पिशव्या ओलांडत खाली उतरली आणि माझा दंड धरून उभी राहिली. साडू मागोमाग उतरले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “ऱ्हाऊ दे. मी गाडी घेऊनच येतो तुला न्यायला. न थरथरणारी.” आणि एकटेच त्या एष्टीनं परत गेले.

इथून माझी साडेसाती सुरू झाली. महिन्यातून दोन रविवार अक्का डबा भरून द्यायची, ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी धपाटे. आणि मी लोहा, अहमदपूर, चाकूर करत तो लातूरला पोचवायचा. सबंध रस्ता मी मनातल्या मनात चरफडत असे. नवरा-बायकोत अंतर पडलं की लोक वकील करतात, ह्यांनी टपालवाला केला होता. पण गेलो की साडू गल्लीच्या तोंडाशीच उभे. पहिल्या एष्टीला उतरलो तरी उभे, दुसरीला उतरलो तरी उभे. घरात गेल्यावर दोन कपात चहा ओतायचे, आणि मग लक्षात यायचं की मी आलोय म्हणजे तिसरा कप पाहिजे. म्हणजे मी नसतानाही दोनच ओतत असणार. त्या दुसऱ्या चहाचं रोज काय होत होतं, हे मी कधी विचारलं नाही. स्वयंपाकघरातली भांडी अक्कानं ठेवली तशीच होती. साडू एकच पातेलं वापरायचे, घासायचे, पुन्हा त्याच खुंटीला. डबा उघडून आधी वास घ्यायचे. मग शेडमध्ये नेऊन मला नव्या इंजिनाची कुंडली ऐकवायचे. परतीला स्टँडवर सोडायला यायचे ते खिडकीच्या गजाला धरून बोलत राहायचे. एष्टी निघाली तरी बोलणं चालूच, चार पावलं बरोबर पळत, “अन् काय सांगायलो, त्याच्या कार्बुरेटरला...” पुढचं ऐकू यायचं नाही. मला कार्बुरेटर कळत नाही. पण ह्या माणसाला अजून दहा मिनिटं बोलायचं होतं एवढं मला दर वेळी कळायचं, आणि उगीच राग यायचा.

त्यात माझी नोकरी वजनमापे खात्यात. साडूंना ह्यात दैवी संकेत दिसला. गाडी हलकी, म्हणून इंजिन हलकं पाहिजे, म्हणून प्रत्येक इंजिन तोलून पाहिजे, म्हणून त्यांचा साडू, म्हणजे मी, पाहिजे. ओळखीच्या अडत्याचा काटा मागून मी इंजिनं तोलत असे. हमाल आधी हसायचे, नंतर त्यांनाही नाद लागला. लोह्याच्या एका शेतकऱ्याचं पाणी उपसायचं डिझेल इंजिन पाहिलं. तो बिचारा फुकट द्यायला तयार होता. साडू म्हणाले, “ह्याच्यानं पाणी निघंल, पण गाडीचं बूड जमिनीत जाईल. मला मोटार पाहिजे, नांगर न्हाई.” उदगीरला फटफटीचं इंजिन पाहिलं; हलकं होतं, पण त्याला मागं जायचा गियर नव्हता. तुमच्या गल्लीत शिरलो तर बाहेर कसा निघू, म्हणे. मी म्हटलं, ढकलू आम्ही. ते म्हणाले, बायकोला न्यायला आलेल्या माणसाची गाडी सासरवाडीच्या लोकांनी ढकलायची? रिक्षाचं इंजिन पाहिलं, ते आवाजावरून बाद. तीन गल्ल्या पलीकडचा माणूस हात दाखवून थांबवील, असं त्यांचं मत पडलं.

पण ही सगळी तोंडदेखली कारणं. खरी परीक्षा वेगळीच होती. इंजिन लाकडी घोडीवर घट्ट बसवायचं, चालू करायचं, आणि त्याच्यावर एक फळी टाकून तिच्यावर एक पेला पालथा, त्याच्या बुडावर दुसरा. वरचा पडला की इंजिन बाद. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, “साडूभाऊ, चालू इंजिन थरथरणारच. न थरथरणारं इंजिन जगात नसतं.” ते पेला उचलून धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसत म्हणाले, “असतंय. मला भेटलं न्हाई एवढंच.”

एक तर अगदी हाताशी आलं होतं. लातुरात गंजगोलाईच्या बाजारामागं एक बुजुर्ग मिस्त्री होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी अपघातात चेपलेल्या एका छोट्या मोटारीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणलं. वजनाला हलकं, ताकदीला पुरेसं, बैठकांच्या मागं बसवलं की बरोबर मावणारं. मी काट्यावर टाकलं आणि पहिल्यांदाच साडूंचा चेहरा उजळलेला पाहिला. शेजाऱ्यांनी पेढे मागितले. पेला लागला, इंजिन सुरू झालं, पेला राहिला. सगळे श्वास रोखून. मग वरचा पेला हळूहळू, लाजत लाजत कडेला सरकला आणि पडला. साडूंनी चावी बंद केली. उस्ताद कळवळून म्हणाले, “सर, मक्खन है ये. इससे नरम कहां मिलेगा तुमको?” साडूंनी नुसती मान हलवली. उस्तादांनी ते इंजिन विकलं मात्र नाही. गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. सरांचं मन फिरेल म्हणाले.

वर्षं गेली. लातूर बघता बघता बदललं. निकाल चांगले लागतात म्हणून गावोगावची पोरं येऊ लागली आणि शहराला शिकवणीचं वेड लागलं. जे लोक अंगणात पत्र्याखाली झोपायचे त्यांनीच त्याच पत्र्याखाली बाकं टाकून क्लास काढले. कुणी वर दोन मजले चढवले आणि खोलीत चार चार पोरं ठेवली. भूकंपाची भीती भाड्याच्या मानानं कमी होत गेली. एक क्लासवाले साडूंच्या शेडवर डोळा ठेवून होते. शेड द्या, नाहीतर स्वतः फिजिक्स शिकवा, म्हणून त्यांनी पिच्छा पुरवला. शिकवायला साडू तयार झाले, कारण संध्याकाळी माणसांत बसायला मिळेल. तिथं त्यांनी गती शिकवताना इंजिन काढलं, उष्णता शिकवताना इंजिन काढलं, प्रकाश शिकवतानासुद्धा हेडलाइटवरून इंजिनाकडं वळले. पोरं खूश होती, पालकांनी तक्रार केली. आठवड्यात सुटले. पुन्हा संध्याकाळी शेडचं दार, एक दिवा, आणि आजूबाजूला शेकडो पोरांचा गलबला. एवढ्या गर्दीत इतका एकटा माणूस मी पाहिलेला नाही.

इकडं नांदेडात मीही अखेर पत्रे काढून स्लॅब टाकला. अक्कासाठी मागची एक खोली मुद्दाम पत्र्याचीच ठेवली, त्यापायी इंजिनियरशी भांडलो. घर झालं आणि एका दुपारी जेवायला आलो तर अक्का पुढच्या खोलीत, स्लॅबखाली, पंखा लावून खुशाल घोरत होती. मी दारातच थबकलो. तिला जाग आल्यावर विचारलं, अक्का, इथं कशी? ती म्हणाली, “मागं पत्र्याखाली लई उकडतंय.”

मग माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडायला लागला. उशाशी पेले कधीपासून नव्हते? दोन वर्षांपूर्वी देगलूरच्या लग्नाला ती आमच्याबरोबर एष्टीनंच आली होती की! मागच्या बाकावर बसून, पोराबाळांना चिवडा वाटत. आम्ही सगळे तिच्याकडं पाहत होतो आणि कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मी समोर बसलो. म्हटलं, भीती गेली?

“कवाच गेली.”

“मग लातूरला का गेली न्हाईस?”

तिनं पदर सारखा केला. म्हणाली, “ते गाडी घेऊन येतो म्हणलेत न्हवं? एवढी वर्षं झटायलेत त्यापायी. मी उठून एष्टीनं दारात जाऊन उभी ऱ्हायले तर त्यांनी कुणासाठी करायचं ते सगळं? अन् त्यांनीबी कधी विचारलं न्हाई, येतीस का म्हणून.”

मी कपाळावर हात मारला. सणासुदीला साडू यायचे, पाहुण्यासारखे पाटावर बसून जेवायचे, अक्का वाढायची. दोघं एकमेकांशी काय बोलत असतील, तर हवापाणी! ते तिच्या भीतीला जपत होते, ती त्यांच्या शब्दाला. आणि मधल्या मधे भाकरी वाहून माझी हाडं खिळखिळी झाली होती.

रविवारची वाट न पाहता मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून लातूर गाठलं. साडू शेडमध्ये होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: स्लॅब, पंखा, देगलूरची एष्टी. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मला वाटलं खूश होतील. ते कितीतरी वेळ गाडीच्या रिकाम्या पाठीकडं, जिथं इंजिन बसायचं त्या पोकळीकडं बघत राहिले. केस सगळे पांढरे झाले होते, ते मला त्या दिवशी दिसले. मग म्हणाले, “म्हणजे आता कोणतंबी चालतंय.”

उस्तादांनी गोणपाट सोडलं. महिन्याभरात साडू नांदेडला आमच्या दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला माकडटोपी, लाल रंगाची ती बुटकी गाडी, आणि मागं अर्धी गल्ली. अक्का तयारच होती. ती किती दिवसांपासून तयार होती कुणास ठाऊक. तिची ट्रंक मावेना, ती मी मागाहून आणून देतो म्हणालो. माझ्या बायकोनं दोघींचं रडून घेतलं. मग अक्का पाय उचलून, दार नसलेल्या दारावरून आत उतरली, साडूंनी गियर टाकला आणि गेले.

दोन तासांत लोह्याहून फोन. गाडी बंद पडलीय, येऊन जा. मी मनात काय काय शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. एष्टीनं लोह्याला उतरलो तर रस्त्याकडेच्या हॉटेलपुढं गाडीतून वाफ निघतेय, आणि ही दोघं बाकड्यावर बशीत चहा ओतून बसलेली. चिंता नाही, घाई नाही. पाण्याची नळी सुटून इंजिन तापलं होतं. साडू म्हणाले, “हे इंजिन आपलं नव्हंच.” तोवर अक्का म्हणते, “मी तर लोहा यायच्या आधीच सांगितलं, ह्याचा आवाज धड न्हाई म्हणून. आता पुढचं मी बघणार. तुम्हाला निवडता येत न्हाई.” साडू मान खाली घालून हसत होते. एवढं समाधानानं बोलणी खाणारा नवरा मी पाहिला नाही.

तेवढ्यात लातूरच्या अडतीला तूर भरायला निघालेला एक रिकामा ट्रक थांबला. गाडीचं वजन मी स्वतः केलेलं, त्यामुळं हमालांना छातीठोक सांगू शकलो. सहा जणांनी ‘हां’ म्हणून उचलली आणि ट्रकवर ठेवली, दोर बांधले. ड्रायव्हर केबिनमध्ये बसा म्हणत होता. पण साडूंना गाडी सोडवेना आणि अक्काला साडू. दोघंही वर चढली आणि त्या मोटारीतच बसली. साडू स्टिअरिंग धरून, अक्का शेजारी पदर डोक्यावर घेऊन. ट्रक निघाला. उंचावर, उघड्यावर, दोघं एकमेकांकडं वळून काहीतरी बोलत होती, बहुतेक इंजिनाबद्दलच. मी हात केला. कुणाचंच लक्ष नव्हतं.

परतीच्या एष्टीत खिडकीशी बसलो आणि मला भरून आलं. इतकी वर्षं मी ह्या दोघांच्या मधे होतो, कुरकुरत का होईना. आता मधे कुणी लागत नव्हतं. पुढं त्यांनी मिळून आणखी किती इंजिनं नाकारली ते कानावर येत राहिलं. ट्रंकसुद्धा एका ओळखीच्या टेंपोवाल्यानंच पोचवली. दोघं गेली त्याच आठवड्यातल्या रविवारी मी सवयीनं लवकर उठलो, अंघोळ केली, बाहेरचे कपडे चढवले, चपला घातल्या. बायको दारात येऊन म्हणाली, कुठं निघालाव? तसाच चपलांसकट पायरीवर बसून राहिलो.